कापसाच्या काट्यावरचं लेकरू

माझी मुलगी पाच आठवड्यांची होत आली होती, तेव्हा ती दिवसातून किती वेळा अंगावर पिते हे मोजायला मी एक वाटी ठेवली होती. आई उन्हात वाती वळायला कापूस निवडत बसायची, त्यातली सरकी बाजूला पडायची. मुलीने एकदा तोंड लावलं की एक सरकी वाटीत टाकायची, असा माझा नेम. पहिल्या दिवशी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सतरा झाल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने वाटी उचलली आणि सरकी शेळीपुढे ओतली. मी हमसून हमसून रडायला लागले. आईला वाटलं, मला कुठे दुखतंय.

"काय झालं माय?"

"माझी मोजणी होती त्यात."

"कशाची मोजणी?"

सांगितल्यावर तिने रिकामी वाटी उलटीसुलटी करून बघितली. पाच लेकरं वाढवलेली बाई ती. "आमी न्हाई कधी मोजलं," म्हणाली, आणि शेळीच्या तोंडापुढून चार-दोन सरक्या उचलून मला परत आणून दिल्या. त्यांचं मी काय करावं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

माझं हे पहिलं बाळंतपण. साल नव्याण्णव. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला, पण गावातली माणसं अजून परभणीच म्हणायची. माहेर सेनगावच्या पुढे, जीपमधून उतरून अर्धा तास चालत जावं लागे असं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, साठेक मेंढरं राखायचे आणि थोडी कोरडवाहू जमीन होती तिच्यात कापूस आणि तूर घ्यायचे. सासर वसमतला. मी बारावी सायन्स पास झालेली, आमच्या घरातली पहिलीच. हे फुशारकीसाठी सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठी की आकड्यांवर माझा फार भरवसा. एखादी गोष्ट कुणी आकड्यात सांगितली की मला ती खरी वाटते. पुढे एवढं रामायण झालं तरी ही खोड गेलेली नाही.

मुलीचं पिणं हेच मुळी मला उमगत नव्हतं. जन्माची उपाशी असल्यासारखी यायची, डोकं आपटायची, पाच-सहा घोट घाईघाईने ओढायची, मग जरा सावकाश, आणि मी दीडशेपर्यंत आकडे मोजेपर्यंत सोडून मोकळी. मुठी सैल, डोळे मिटलेले. मी तिला झोळीत टाकायचे, भाकरीचं ताट पुढे ओढायचे, आणि अर्धी भाकर होते न होते तोच झोळीतून चुटूचुटू आवाज. पुन्हा घ्या. पुन्हा तेच पाच-सहा घोट. हे एकच जेवण तुकड्यातुकड्यांनी चाललंय, की नुसतेच तुकडे आहेत आणि जेवण कुठेच नाही, हे मला कळेना.

दवाखान्यात दोन नर्स होत्या. सकाळच्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, "दर दोन तासांनी पाजायचं. दहा मिनिटं या बाजूला, दहा मिनिटं त्या बाजूला." संध्याकाळच्या नर्सबाई म्हणाल्या, "ते मनगटावरचं घड्याळ काढून ठेव बाई. मागंल तवा पाज." दोघींच्या अंगावर एकसारखेच पांढरे कपडे. मी सकाळच्या बाईंवर विश्वास ठेवला, कारण त्यांनी आकडे दिले होते. आता माझी मुलगी दहा मिनिटांच्या जागी अडीच मिनिटं पीत होती आणि दोन तासांच्या जागी अर्ध्या तासात परत येत होती. गणितात कुठेतरी चूक होती. आणि चूक मुलीची नसणार, म्हणजे माझीच.

आईने तिच्या परीने सगळं केलं. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, दुधात कुस्करलेली बाजरीची भाकर, शेपूची भाजी. घास तोंडात असताना दुसरा घास पुढे तयार. मी खाऊन खाऊन फुगले. मुलगी मात्र होती तशीच बारीक दिसायची, म्हणजे मला दिसायची. बघायला येणाऱ्या बायकांतली एक म्हणायची "बाळसं धरलं की," आणि दुसरी म्हणायची "काहून सुकून राहिलं लेकरू?" एकाच दुपारी, एकाच लेकराकडे बघून. मी दोघींना "व्हय" म्हणायचे.

मला खरी धास्ती होती ती अण्णांची. ते काही बोलत नसत, तेच वाईट होतं. मेंढ्या चरून आल्या की कोकरं सोडायची आणि कुठलं कोकरू कसं पितंय हे बघत उभं राहायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यात त्यांना आख्खा तालुका मानायचा. लहानपणी मला त्यांनीच दाखवलं होतं: कोकरू शेपूट हलवत पितं तेव्हा दूध येतंय. पण एखादं कोकरू सारखं धडका मारतं, सोडतं, पुन्हा जातं, पुन्हा सोडतं, तेव्हा समजायचं की मेंढी आटली. माझी मुलगी मांडीवर धडका मारू लागली की अण्णा दारातून एकदा बघायचे आणि चपला घालून बाहेर जायचे. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

अशात सासूबाई आल्या. वसमतहून हिंगोली, तिथून सेनगाव, तिथून जीप आणि मग पायी, असा सगळा दिवस मोडून. मुलगी झाली म्हणून त्या नाक मुरडतील अशी मी आधीच तयारी करून ठेवली होती. दोन-तीन टोमणेही मनात रचून ठेवले होते उत्तराला. पण बारशाला आल्या होत्या तेव्हा त्यांनी मुलीला जे कवटाळलं ते परत द्यायलाच तयार नव्हत्या. माझे टोमणे वाया गेले. आमच्या ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती अडीच महिन्यांची होऊन गेली, एवढंच मला माहीत होतं. त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि मी कधी विचारलं नव्हतं.

या खेपेला त्या आल्या आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. तासाभरात मुलगी तीनदा प्यायली. तिसऱ्यांदा तिने सोडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लेकरू भुकेलं हाय."

"आत्ताच तर पाजलं, आत्याबाई."

"तेच तर म्हणून राहिले. पोट भरलं असतं तर निजलं असतं."

आई चुलीपुढून म्हणाली, "ईहीणबाई, काही काही लेकरं असतात तशी." पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. माझे डोळे एकीकडून दुसरीकडे फिरत होते. दोघींनीही लेकरं वाढवलेली. पुन्हा दोन नर्सच झाल्या की ह्या माझ्यासाठी.

"दवाखान्यात किती भरली व्हती?" सासूबाईंनी विचारलं.

"पावणेतीन किलो."

"आन आता?"

आता किती हे कुणालाच माहीत नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंकडे लेकरं तोलायचा काटा होता, पण तो बिघडला म्हणून तालुक्याला गेलेला. "आला की सांगते," असं ताई दोन आठवडे सांगत होत्या. सासूबाई उठून दारात गेल्या. बाहेर अंगणात वेचणीच्या बायका गाठोडी घेऊन आल्या होत्या आणि तीन बल्ल्यांच्या तिकाटीला लटकवलेल्या काट्यावर अण्णा कापूस तोलत होते. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली गाठोडं अडकवायचा आकडा, पन्नास किलोचा काटा.

"हा हाय की काटा," सासूबाई म्हणाल्या.

अण्णा जरा घुटमळले. "ह्यो कापसाचा हाय."

"तोलायचंच हाय नव्हं?"

खरं सांगायचं तर मीच पुढे झाले. आकडा मिळणार होता. पाच आठवडे मी सगळ्यांची तोंडं बघत होते, आता एकदाचं समोर लिहिलेलं दिसणार होतं. आईच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात मुलीला ठेवलं, चारी टोकं बांधली, आणि अण्णांनी ते गाठोडं आकड्याला अडकवलं. खालून दोन्ही हात तसेच धरून ठेवलेले, मग हळूच एक वीत खाली घेतले. मुलगी रडलीसुद्धा नाही. काटा जरासा हलला आणि थांबला. अण्णांनी वेचणाऱ्या बायकांना सांगायचे त्याच आवाजात सांगितलं, "अडीचच्या जरा वर."

पाच आठवडे. पावणेतीनची अडीच. मी मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि पुन्हा केली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यात तांड्यावरची एक बाई होती, काखेत आपलं पोर घेतलेली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते बघितलं. मला वाटलं, तिला माझी कीव आली.

सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी पिशवी उघडली आणि दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली बाहेर काढली. म्हणजे वसमतहून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं तर. मला त्या डब्याचा राग आला, त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्यांचंच बरोबर निघालं. पाणी उकळताना त्यांचे हात थरथरत होते. ते का, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

बाटलीतलं दूध मुलीने आधी थुंकलं, मग प्यायली, मग सगळं संपवलं आणि साडेतीन तास झोपली. घरात कुणी मोठ्याने बोलेना. सासूबाई झोळीपाशी बसून तिच्या छातीचं वर-खाली होणं बघत होत्या. "बगा, भूक व्हती," असं त्या आईला म्हणाल्या, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. दोन दिवस राहून, मला पावडर किती आणि पाणी किती हे चमच्याने मोजून शिकवून त्या परत गेल्या. चमचे मोजायला मला जमत होतं. निदान काहीतरी जमत होतं.

पुढचे अकरा दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मुलगी शांत होती. मी दोन्ही वेळा बसून जेवत होते. वाटीत सरकी टाकायची गरज उरली नव्हती. सगळे म्हणत होते, बरं झालं. आणि माझी चोळी भिजत होती. छाती दगडासारखी व्हायची, झोळीतून नुसता कुरकुर आवाज आला तरी दोन्हीकडून धार लागायची. मी चोळी बदलायचे, ओली चोळी दोरीवर वाळत घालायचे, आणि आत येऊन मला दूध नाही म्हणून रडायचे. दोन्ही एकाच वेळी. बारावी सायन्स! आईच्याही ध्यानात आलं नाही, कारण तिनेही तो आकडा ऐकला होता. आठव्या-नवव्या दिवसापासून चोळी भिजायची कमी झाली, तेव्हा मला वाटलं, बघा, आटलंच.

मध्येच मी मुलीला अंगावर घेऊन बघायचे. आधी ती दोन घोट तरी घ्यायची. मग मान फिरवायला लागली. बाटलीकडे बघून हातपाय हलवायची आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायची. मला त्या बाटलीचा मत्सर वाटायचा. हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचा. एकदा मी ती घासताना मुद्दाम जोरात आपटली. प्लास्टिकची होती, तिला काही झालं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ती तांड्यावरची बाई पाणी मागायला आली. आमचा कापूस घरामागच्याच रानात होता. तिचं पोर माझ्या मुलीपेक्षा महिना-दीड महिन्याने मोठं असेल. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून ती त्याला ठेवायची, एक तास वेचून झालं की, म्हणजे कापसाची एक ओळ संपली की, येऊन दोन घोट पाजायची आणि पुढच्या ओळीला लागायची. मी ते ओसरीवरून बघत असे. तिच्या पोराला दहा मिनिटं कधी मिळतच नव्हती, आणि पोर तर टरबुजासारखं. मला वाटायचं, हिचं दूधच निराळं असणार.

तिने माझ्या हातातली बाटली बघितली.

"हे काहून, ताई?"

"मला दूध पुरंना. तुमी बघितलं ना त्या दिवशी, काट्यावर."

ती खाली टेकली, पोराला पदराखाली घेतलं. जरा विचारात पडल्यासारखी दिसली. मग म्हणाली, "मालकानं वरचा किलो धरलाच असन की."

"कसला किलो?"

"फडक्याचा आन दहिवराचा."

मी बाटली खाली ठेवली. ती घाईघाईने म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठावं हाय. तुमचाच काटा. त्या वसमतच्या बाई बसल्या व्हत्या, त्यांच्याम्होरं मी काय बोलू?"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या भागात वेचलेला कापूस गाठोड्यासकट तोलतात. गाठोड्याचं लुगडं जड असतं, आणि पहाटे वेचलेल्या कापसात दहिवराची, म्हणजे दवाची, ओल असते. दर गाठोड्याला ते वजा करत बसण्यापेक्षा मालक काट्याचा स्क्रूच फिरवून ठेवतात, काटा शून्याच्या एक किलो मागे. रिकामा असताना तो शून्याच्या अलीकडे उभा असतो. आमच्या घरी तर मी जन्मल्यापासून तो तिथेच उभा होता. संध्याकाळपर्यंत कापसात कुठलं दहिवर राहतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही, आणि वेचणाऱ्या बायकांनी विचारला असला तरी आम्हाला ऐकू आला नाही. आमच्या डोळ्यांना तो मागचा काटा म्हणजेच शून्य होतं. सातवी-आठवीत असताना संध्याकाळी मी स्वतः तो काटा वाचून अण्णांना आकडे सांगत असे. माझ्या मुलीला त्याच काट्यावर टांगलं आणि अण्णांनी वाचलं, मी ऐकलं, आईने ऐकलं. ज्यांनी तो किलो कापून ठेवला होता त्या आम्हा तिघांपैकी एकालाही तो आठवला नाही. ज्यांचा कापला जायचा त्या सगळ्या बायकांना आठवला.

मी उठून अंगणात गेले. बाळंतिणीने डोकं न बांधता वाऱ्यात जाऊ नये, आई मागून ओरडत होती. काटा तिकाटीला लटकत होता, रिकामा, शून्याच्या अलीकडे.

संध्याकाळी अण्णा मेंढरं घेऊन आले तेव्हा मी पाच किलोचं लोखंडी माप त्यांच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "हे तोला."

त्यांनी तोललं. काटा चारवर थांबला. अण्णांनी माप काढून पुन्हा अडकवलं, पुन्हा चारच. एवढा मोठा माणूस, कोकराच्या पोटाला हात लावून प्यायलं की नाही सांगणारा. त्यांनी स्वतःच्या नातीच्या पोटाला हात लावून बघितला नव्हता, आकडा वाचला होता. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण तोच गुन्हा मीही केला होता, आणि माझ्याकडे तर ओल्या चोळ्याही होत्या पुरावा म्हणून.

"म्हंजे साडेतीनच्या वर व्हती," ते म्हणाले.

"व्हय."

"मेंढी आटलीच नव्हती तर."

हे वाक्य ऐकून मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. त्यांनी पक्कड आणली आणि स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. तांड्यावरची बाई गाठोडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आता आमचं बी असंच तोला, मालक." अण्णांनी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्याकडे लुगडं वेगळं तोलून वजा करायला लागले, आणि दहिवराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आकडा बरोबर झाला, पण मुलगी बाटलीचीच झाली होती आणि माझं दूध खरोखरच कमी झालं होतं. चुकीच्या काट्याने सांगितलेलं आता खरं होऊन बसलं होतं. अण्णा म्हणाले, "कोकरू इसरलं तर काय करतो आमी? दोघांला एका जागी कोंडतो." आणि त्यांनी खरोखर तेच केलं. धान्याच्या कोठीची खोली रिकामी केली, दाराला घोंगडं लावलं आणि मला आणि मुलीला आत घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आई ताट घोंगड्याखालून सरकवायची. तांड्यावरच्या बाईने सांगितलं तसं मी मुलीला उघडीच छातीशी धरून असायचे, आणि ती पेंगुळली की तोंडाशी द्यायचे. पावडरचे चमचे मी एकेक करून कमी केले. पहिल्या दोन दिवसांत काहीच जमेना. मुलगी चिडायची, मी चिडायचे, दोघी एकमेकींवर नाराज होऊन झोपायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपेतच तिने पकडलं, पाच-सहा घोट घेतले आणि सोडलं. मी श्वास धरून पडून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं. तिथून पुढे दहा-बारा दिवसांनी बाटली फडताळात गेली.

मोजायचा मोह रोज व्हायचा. मी वाटी आईकडे देऊन टाकली.

संक्रांतीच्या सुमारास सासूबाई आम्हाला न्यायला आल्या. मी वाटच बघत होते. या वेळचे टोमणे वाया जाणार नव्हते. अंगणात बाजेवर बसून, मुलगी मांडीवर घेऊन मी त्यांना काट्याची सगळी गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. तुम्ही तोलायला लावलंत, तुम्ही डबा आधीच आणला होता, आणि दूध माझ्यात होतंच, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. त्या रागावतील, किंवा निदान लाजतील असं मला वाटत होतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तशी घडीघडी पिऊनच वाढत व्हती?"

"व्हय, आत्याबाई."

"दोन घोट घ्यायचे आन सोडायचे. तशीच?"

"तशीच."

त्या उठून तिकाटीपाशी गेल्या. वेचणी सरत आली होती, काटा नुसताच लटकत होता. त्यांनी बोटाने काटा जरा पुढे ढकलला आणि सोडला. तो शून्यावर येऊन थांबला. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "माझी पहिली बी तशीच प्यायची."

मांडीवरच्या मुलीचं टोपरं मी उगाच सारखं केलं.

"माझी सासू म्हणली, तुझं दूध म्हंजे नुसतं पाणी, लेकराचं पोटच भरंना. मग गाईचं दूध घातलं, निम्मं पाणी टाकून. महिनाभरात तिला हगवण लागली." त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या पोरीचा चेहरा असतो तसा तो होता. "तवा कुणी तोललं बी न्हाई. म्हंजे मला बी व्हतं का गं दूध?"

पावडरचं पाणी उकळताना थरथरणारे ते हात मला आता दिसले. त्या माझ्या मुलीला उपाशी ठेवायला आल्या नव्हत्या, वाचवायला आल्या होत्या. आणि मी त्यांना आत्ताच, तिखटमीठ लावून, काय सांगून बसले होते? होतं म्हणाले तर ते लेकरू उगाच गेलं. नव्हतं म्हणाले तर तो दोष पुन्हा त्यांच्याच अंगावर. मी तोंड उघडलं आणि मिटलं, त्या तांड्यावरच्या बाईसारखंच. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.

मुलगी मांडीवर चुळबुळायला लागली. दहा मिनिटांपूर्वीच पाजलं होतं, तसं मी म्हणणारही होते. पण सासूबाईच जवळ येऊन बाजेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पाज तिला. मागून राहिली."

मी पदर पुढे घेतला. त्या मुलीच्या घशाकडे बघत बसल्या. एक, दोन, तीन, त्यांचे ओठ हलत होते. सहाव्या घोटाला मुलीने सोडलं आणि मुठी सैल केल्या. आता त्या काय म्हणतात म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"झालं तिचं," त्या म्हणाल्या.